बेडरूम आणि हॉलच्या खिडक्यांची मापं घेतलीत, ऑर्डर द्यायच्या आधी कुणी बघून सांगाल का?

खिडकीपाशी:
नमस्कार मंडळी, पडदे आणि ब्लाइंड्सच्या मापांबद्दल विचारायचंय. जरा लांबलचक आहे पण सगळं एकदमच लिहिते म्हणजे तुकड्यातुकड्याने विचारायला नको.

दोन खिडक्या आहेत. पहिली बेडरूमची, भिंतीच्या आत बसलेली, म्हणजे काच मागे आणि पुढे भिंतीची जाडी दिसते तशी. तिथे ब्लॅकआउट रोलर ब्लाइंड लावायचंय कारण पहाटे जरा उजेड आत आला की बाळ उठतं आणि मग सगळं घरच उठतं. रुंदी वर १२१.४, मध्ये १२०.९ आणि खाली १२१.८ सेमी भरली. उंची डावीकडे १३७.२, मध्ये १३७, उजवीकडे १३७.६. आता यातलं नेमकं कुठलं माप द्यायचं? कुणी म्हणतं सगळ्यात कमी द्या, कुणी म्हणतं एक सेमी वजा करून द्या, आणि ऑर्डरच्या फॉर्मवर तर रुंदी आणि उंची असे दोनच रकाने आहेत. आतून लावू की बाहेरून भिंतीवर लावू हेही ठरत नाहीये, आतून लावलेलं दिसायला सुटसुटीत वाटतं म्हणून माझं मन तिकडे आहे.

दुसरी हॉलची, सरकत्या काचांची. चौकट १८३ सेमी रुंद, चौकटीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत २१५. तिथे रॉडवर रिंगवाले पडदे, दोन बाजूंना उघडणारे, जमिनीपर्यंत. कापड आवडलंय, मोठ्या फुलांचं सुती, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी १३७ सेमी आणि डिझाइन दर ६४ सेमीला रिपीट होतं असं लेबलवर लिहिलंय. शिवायला बाहेर देणार आहे पण कापड मलाच आणून द्यायचंय, तर किती मीटर घेऊ?

पाणसळ:
ताई, तीन-तीन ठिकाणी मोजलंत हे फार बरं केलंत, बरेच लोक मधोमध एकदा टेप लावतात आणि मोकळे होतात. मी ब्लाइंड्स बसवायचंच काम करतो, त्यामुळे बेडरूमच्या खिडकीबद्दल लिहितो, पडद्याचं कापड शिवणारे सांगतील.

आतून लावायचं असेल तर रुंदी तिन्हीतली सगळ्यात कमी, म्हणजे १२०.९. ब्लाइंडची वरची नळी सरळ आणि कडक असते, ती अरुंद जागेतून गेली पाहिजे, पण रोलरची नळी वरच्या बाजूलाच बसते म्हणून १२१.४ देऊ असा विचार करू नका, खाली कापडाची पट्टी मधल्या अरुंद भागात घासू शकते. उंची मात्र रोलरला सगळ्यात जास्त धरायची, १३७.६, कारण जास्तीचं कापड नळीवर गुंडाळलेलं राहतं, त्याने काही बिघडत नाही, कमी पडलं तर मात्र खालून फट. उभ्या पट्ट्यांच्या ब्लाइंडला हे उलटं होतं, तिथे उंची सगळ्यात कमी धरतात नाहीतर पट्ट्या खाली घासत राहतात.

आता ते एक सेमी वजा करायचं. तुम्ही अजिबात करू नका. फॉर्मवर कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे माप रिसेसचं म्हणजे मोकळ्या जागेचं आहे की तयार ब्लाइंडचं. मोकळ्या जागेचं दिलंत तर बनवणारा स्वतःच ब्रॅकेटसाठी थोडं कमी करतो. आपणही कमी केलं आणि त्यानेही कमी केलं की ब्लाइंड दोनदा आखूड होतं आणि मग कुणाकडेच दाद मागता येत नाही, कारण दोघांच्या कागदावर आपापलं माप बरोबरच असतं. फॉर्मवर स्पष्ट नसेल तर शेऱ्यात लिहून द्या, "ही भिंतीच्या आतल्या मोकळ्या जागेची मापं आहेत, मी काहीही वजा केलेलं नाही."

पण खरं सांगायचं तर तुमच्या बाबतीत आतून लावावं असं मला वाटत नाही. रोलर ब्लाइंडचं कापड दोन ब्रॅकेटमधल्या अंतरापेक्षा नेहमी कमी रुंद असतं, दोन्हीकडची मिळून तीन ते साडेतीन सेमी फट राहते, कापड कितीही काळंकुट्ट घ्या. दिवाणखान्यात त्याने काही फरक पडत नाही, पण उन्हं थेट खिडकीवर येत असतील तर त्या फटीतून भिंतीवर दोन उभ्या उजेडाच्या पट्ट्या पडतात आणि बाळ जागं व्हायला तेवढं पुरतं.

अजून चार गोष्टी मोजून सांगा. दोन्ही कर्ण, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत आणि उलट. भिंतीची खोली. खिडकीचं हँडल किंवा कडी काचेच्या चौकटीपासून किती पुढे येते. आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना नि वर भिंत मोकळी किती आहे.

दुपार:
मध्येच विचारते, स्टीलच्या टेपचं पुढचं टोक म्हणजे ती वाकडी पट्टी असते ना, माझ्या टेपची ती हलते, थोडी मागेपुढे सरकते. ती लूज झालीये म्हणून प्रत्येक माप एक-दोन मिलिमीटर चुकत असेल ना? का शिवणकामाचा कापडी टेप वापरू?

पाणसळ:
ती मुद्दामच हलती ठेवलेली असते. कडेला अडकवून ओढलं की ती पट्टी स्वतःच्या जाडीइतकी बाहेर येते आणि आतून भिंतीला टेकवून ढकललं की तेवढीच आत जाते, म्हणून दोन्ही तऱ्हेने माप बरोबर येतं. ठोकून घट्ट केलीत तर मात्र खरंच चुकायला लागेल. कापडी टेप खिडकीला नको, तो ताणला जातो आणि लांब मापात मधे झोळही पडतो.

आतल्या मापात खरी चूक दुसऱ्या टोकाला होते, कोपऱ्यात टेप वाकतो आणि आकडा अंदाजाने वाचला जातो. एक तर टेपच्या डबीवर तिची लांबी लिहिलेली असते ती मिळवून वाचा, नाहीतर दोन सरळ पट्ट्या एकमेकींवर धरून दोन्ही टोकं भिंतींना टेकतील इतक्या सरकवा, जिथे एकमेकींवर येतात तिथे पेन्सिलने खूण करा आणि बाहेर काढून मोजा. यात वाकायला काही उरतच नाही.

सुईदोरा:
मी हॉलचं सांगते. ताई, चौकटीचं माप घेऊन पडदा ठरत नाही, आधी रॉड कुठे बसणार ते भिंतीवर पेन्सिलने आखा आणि मग तिथून मोजा. रॉड दोन्ही बाजूंना चौकटीबाहेर २० सेमी न्या, म्हणजे पडदे उघडले की चुण्यांचा बराचसा गठ्ठा भिंतीवर येतो आणि काच झाकली जात नाही. म्हणजे १८३ अधिक ४०, रॉड २२३. वर १२ सेमी घ्या, म्हणजे रॉडची वरची कड जमिनीपासून २२७.

लांबी काढताना रिंगवाल्या पडद्यात एक गोष्ट राहून जाते, रिंग रॉडवर लटकते पण कापडाची वरची कड रिंगच्याही वर असते, साडेतीन सेमीच्या आसपास. खाली जमिनीपासून दीड सेमी उचललेला ठेवा, पुसायला-झाडायला बरं पडतं. म्हणजे तयार लांबी २२७ मधून दीड वजा, त्यात साडेतीन मिळवले, २२९.

जमिनीपर्यंतचं अंतर डावीकडे, मधे, उजवीकडे असं वेगवेगळं मोजा हं, फरशी सरळ दिसते पण असतेच असं नाही. मापं वेगवेगळी आली तर सगळ्यात कमी धरायचं.

चुण्यांसाठी रॉडच्या दुप्पट कापड तरी हवंच. २२३ चे दुप्पट ४४६, भागिले पन्हा १३७, सव्वातीन येतात. तीन पन्हे घेतलेत तर पडदा बंद केल्यावर चुण्या जरा कमी पडतील, शिवाय दोन पडद्यांना दीड-दीड पन्हा म्हणजे एका पन्ह्याचे उभे दोन तुकडे. चार घ्या, प्रत्येक पडद्याला दोन पन्हे, मोठ्या फुलांचं कापड चुण्यांमध्येच खुलतं. पडद्यागणिक रिंग सम संख्येत लावायला सांगा, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात, विषम झाल्या तर एक कड खोलीकडे तोंड करून उभी राहते आणि ते सारखं डोळ्यात खुपतं.

आता रिपीट. २२९ मध्ये वरच्या दुमडीचे १२ आणि खालच्या दुमडीचे २० मिळवले की एका पन्ह्याची कापायची लांबी २६१. पण फुलं शेजारच्या पन्ह्यात जुळायला हवीत म्हणून प्रत्येक तुकडा ६४ च्या पटीत घ्यावा लागतो. चार रिपीट म्हणजे २५६, पाच म्हणजे ३२०. तुम्ही ५ सेमीसाठी पाचव्या रिपीटमध्ये जाताय! खालची दुमड २० ऐवजी १४ केली की कापायची लांबी २५५ येते, चार रिपीटमध्ये बसतं, आणि चारही पन्ह्यांचं मिळून अडीच मीटर कापड वाचतं. पहिलं फूल हवं तिथून सुरू करायला एक रिपीट जास्तीचं धरा, ११ मीटरमध्ये काम होतं.

फक्त एक, कापड सुती आहे म्हणालात. सुती आटतं. दुमड कमी केली तर धुतल्यावर आखूड झालेला पडदा सोडून लांब करायला खाली कापड उरणार नाही. तेव्हा ११ मीटर घ्यायच्या आधी थोडा तुकडा आणा, त्यावर ५० बाय ५० सेमीचा चौकोन शिवून खूण करा, घरी जसं धुणार तसंच धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. आकडा सांगा मग ठरवू.

खिडकीपाशी:
दोघांचेही मनापासून आभार, इतकं कुणी समजावून सांगत नाही. तुकडा आणायला सांगितलाय, धुवून सांगते.

पाणसळ दादा, कर्ण १८२.७ आणि १८४.१. भिंतीची खोली ९ सेमी. हँडल ४.५ सेमी पुढे येतं. वर छतापर्यंत भरपूर जागा आहे, उजवीकडे भिंत मोकळी आहे पण तिथे बाळाचा पाळणा आहे, डावीकडे ८ सेमीवर कपाट सुरू होतं, ते हलत नाही. खाली खिडकीची वेगळी पुढे आलेली कड नाहीये, भिंत सरळ खाली जाते.

सावली:
मी आतूनच लावलंय, दोन्ही बाजूंना चॅनेल असलेलं. कापडाच्या कडा चॅनेलमध्ये जातात त्यामुळे बाजूने उजेड जवळपास येतच नाही आणि दिसायलाही एकदम स्वच्छ दिसतं. बाहेरून लावलेलं ब्लाइंड भिंतीपासून सुटून राहतं, बाजूने तिरपा उजेड त्यातूनही येतोच. ताईंना आतून आवडतंय तर हा पर्याय बघायला हरकत नाही.

पाणसळ:
सावली, चॅनेलवालं खरंच चांगलं असतं आणि चौकट गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, असेल तर मीही तेच सुचवलं असतं. पण इथे कर्णांमध्ये १.४ सेमीचा फरक आहे, या मापाच्या खिडकीत त्याचा अर्थ बाजूच्या कडा वरपासून खालपर्यंत साधारण एक सेमी कललेल्या आहेत. कापड तर ओळंब्यातच, म्हणजे अगदी सरळ उभं, लटकणार. मग चॅनेल भिंतीला लावला तर तिरपा, कापड त्यात अडकणार, आणि चॅनेल सरळ लावला तर मागे पाचरीसारखी फट, ती पट्ट्या घालून भरायची. होतं, पण हात बसलेला माणूस लागतो.

शिवाय हँडल. रोलरचं कापड सहसा नळीच्या मागून, काचेच्या बाजूने खाली येतं, ते ताईंच्या हँडलवर आदळेल आणि कापडाला कायमची घडी पडेल. रिव्हर्स रोल करून कापड नळीच्या पुढून सोडता येतं, ९ सेमी खोलीत ते बसतंही, पण मग नळीच्या मागून वरच्या बाजूने उजेड जास्त येतो. उजेड अडवायला आतून लावायचं आणि त्यासाठी पुन्हा वेगळी पट्टी बसवायची, हे मला पटत नाही.

तेव्हा ताई, बाहेरून लावा. बाहेरून लावताना हिशेब उलटा, रुंदी सगळ्यात जास्त धरायची, १२१.८. उजवीकडे ब्रॅकेटसकट १० सेमी बाहेर. डावीकडे कपाट ८ वर आहे, पण ब्रॅकेट तिथपर्यंत भिडवू नका, कापड कपाटाला घासेल आणि स्क्रू मारायला हातही जाणार नाही, ६.५ घ्या. बेरीज १३८.३, म्हणून ब्रॅकेट ते ब्रॅकेट १३८ सांगा. त्यातलं कापड १३४.५ च्या पुढेमागे येईल, डावीकडे कापडाने भिंत साडेचार सेमी झाकली जाते, उजवीकडे आठ. उंची १३७.६ मध्ये वर १० आणि खाली ८, म्हणजे १५५.६, १५६ लिहा. सावली म्हणते तसा तिरपा उजेड डावीकडून थोडा येईल पण तिथे कपाटच आडवं आहे, तेच अर्धं काम करतं. उजवीकडे फारच वाटला तर नंतर भिंतीवर एक उभी एल पट्टी लावता येते, ऑर्डरमध्ये ती आत्ता नको.

फॉर्मवर या वेळी उलटं लिहा, "ही तयार ब्लाइंडची मापं आहेत, ब्रॅकेट ते ब्रॅकेट, यातून काहीही वजा करू नका." आणि रुंदी आधी, उंची नंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये, १३८० आणि १५६०. फुटात लिहिलं की ५.६ म्हणजे पाच फूट सहा इंच की पाच पूर्णांक सहा दशांश फूट हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर जातं, तीन सेमीचा फरक पडतो. इंच-सुतात सांगितलं तरी तोच घोळ.

आता पाळण्याचं, हे मापाइतकंच महत्त्वाचं आहे. साखळीवालं ब्लाइंड घेऊच नका. डावीकडे साखळी घेतली तर कपाटामागे हात जाणार नाही, उजवीकडे घेतली तर ती सरळ पाळण्यापाशी लोंबणार. लहान मुलांच्या गळ्याला साखळीचा फास बसण्याचा धोका खरा आहे, त्यासाठीच युरोपातल्या मानकात साखळीचं खालचं टोक जमिनीपासून किमान दीड मीटर वर ठेवायला सांगितलंय आणि ती भिंतीला ताणून बसवायची असते. पण मूल पाळण्यात उभं राहायला लागलं की ते दीड मीटर पाळण्याच्या तळापासून मोजायला हवं, तेवढी जागाच उरत नाही. स्प्रिंगचं घ्या, खालची पट्टी धरून ओढायचं आणि सोडायचं, किंवा मोटरचं. आणि काहीही घेतलंत तरी पाळणा खिडकीपासून दूर सरकवा, त्याचाच खिडकीवर चढायला मुलांना आधार मिळतो.

दुपार:
माझ्याकडे दोन्ही बाजूंना भिंत मोकळी आहे पण खिडकीच्या वर लगेच काँक्रीटचा लिंटेल म्हणजे आडवी तुळई आहे, साध्या ड्रिलने भोकच पडत नाही. छताला ब्रॅकेट लावलं तर चालेल का?

पाणसळ:
चालतं, पण मग उंचीचं माप छतापासून घ्यावं लागेल आणि नळी काचेपासून लांब जाईल, तिरपा उजेड वाढेल. भाड्याने हॅमर ड्रिल आणि काँक्रीटचं बिट आणून लिंटेललाच लावा, एकदाच त्रास. काँक्रीटमध्ये बसलेला स्क्रू पुढे हलत नाही, नुसत्या प्लास्टरमध्ये बसलेला मात्र रोजच्या ओढाओढीने ढिला होतो.

खिडकीपाशी:
स्प्रिंगचंच घेतेय, आणि पाळणा कपाटाच्या पलीकडे, आतल्या भिंतीला लावला. खोली उलट मोठी वाटायला लागलीये.

सुईदोरा ताई, तुकडा धुतला. ५० चा चौकोन होता, धुऊन वाळवून इस्त्री केल्यावर उभ्या बाजूने ४८.५ भरला, आडवा ५० चा ५० च. मग खालची दुमड मोठी ठेवायची का?

सुईदोरा:
म्हणजे उभा ३ टक्के आटतोय. २२९ वर सात सेमी! जमिनीपासून दीड सेमीवर असलेला पडदा पहिल्या धुण्यात साडेआठ सेमीवर जाईल, जमिनीपर्यंतचे पडदे म्हणून शिवलेले आणि लटकले घोट्याच्या वर. दुमड कमी करायचा विचार सोडून द्या आणि सगळं कापड कापायच्या आधीच धुऊन घ्या.

पण मग हिशेब बदलतो, कारण कापडाबरोबर डिझाइनही आटतं. ६४ चा रिपीट धुतल्यावर ६२ होईल. चार रिपीट २४८, त्यात तुमचे २५५ सुद्धा बसत नाहीत. तेव्हा पाच रिपीट, धुतलेले ३१०, आणि आता जागा आहेच तर खालची दुमड ऐसपैस दुहेरी घाला, भार चांगला पडतो आणि पडदा सरळ उतरतो. विकत घेताना ६४ गुणिले ५ गुणिले ४, १२ मीटर ८० सेमी, आणि फूल जुळवायला एक रिपीट वर. साडेतेरा मीटर घ्या. सगळं एकाच ताग्यातून कापून मागा, दुसऱ्या ताग्याचा रंग दुकानात सारखा दिसतो आणि घरी खिडकीशी शेजारी लटकला की वेगळा दिसतो.

अस्तर लावणार असाल तर तेही धुऊनच द्या, नाहीतर नंतर अस्तर एकटंच आटतं आणि पडदा आतून ओढला जातो. शिवणाऱ्यांना सांगा वरच्या रिंग पक्क्या करा पण खालची दुमड नुसती टाचून द्या. पडदे आठवडाभर रॉडवर लटकू देत, कापड आपल्या वजनाने जेवढं उतरायचं तेवढं उतरेल, मग जमिनीपासून दीड सेमीवर खडूने खूण करून पक्की शिवण घालायची. रॉड २२३ चा आहे, मधे एक ब्रॅकेट लागेलच, पण तुमचे पडदे मधोमध उघडतात म्हणून ते आड येत नाही. आणि टोकाची एकेक रिंग ब्रॅकेटच्या बाहेर, रॉडच्या नॉबच्या अलीकडे ठेवा, म्हणजे पडदा ओढताना भिंतीकडची कड जागची हलत नाही.

खिडकीपाशी:
साडेतेरा मीटर लिहून घेतलं, दुकानात फोन केला, एकाच ताग्यात १५ मीटर शिल्लक आहे म्हणाले, आजच आणते. ब्लाइंडची ऑर्डर १३८० बाय १५६० दिली, शेऱ्यात दादांनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं टाकलं आणि उलट मेलवर त्यांच्याकडून तीच मापं पक्की करून मागितली आहेत.

पाणसळ:
हे उत्तम केलंत. ब्लाइंड आलं की भिंतीला भोक पाडायच्या आधी खोक्यातून काढून जमिनीवर मोजा, आणि भोकांच्या खुणा चौकटीवरून न करता पाणसळ म्हणजे लेव्हल लावून करा, तुमची चौकट कललेली आहे.